ओसरी, माजघर आणि कोठीची खोली

२०२५ च्या ऑक्टोबरात, दिवाळी आठ-दहा दिवसांवर आलेली असताना, मी आमच्या सोसायटीच्या रंगकामाच्या ठेकेदाराला एक चेक दिला. रक्कम फार मोठी नव्हती. पण त्याच्या चार रंगाऱ्यांची मजुरी त्यातूनच निघायची होती आणि त्यांना सणाला गावी जायचे होते. त्याच महिन्याच्या ४ तारखेपासून रिझर्व्ह बँकेने चेक वटवण्याची नवी रीत सुरू केली होती. सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात आलेल्या चेकची प्रतिमा लगोलग पुढे पाठवायची आणि ज्या बँकेवर तो काढलेला असेल तिने संध्याकाळी सातच्या आत होकार किंवा नकार कळवायचा. पूर्वी दोन दिवस लागत, आता एका दिवसाचे काम. मी ठेकेदाराला मोठ्या ऐटीत सांगितले, "आज टाका, आजच मिळतील."

तिसऱ्या दिवशी ठेकेदार दारात उभा. "साहेब, पैसे आले नाहीत." माझ्या खात्यात तर रक्कम नावे पडलेली. मी शाखेत गेलो. काउंटरवरच्या मुलीने पडदा माझ्याकडे वळवून दाखवला. "काका, आमच्याकडून गेलेत. सिस्टिम सक्सेस दाखवतेय." तिथून ठेकेदाराच्या बँकेत गेलो. तिथला तरुण म्हणाला, "सर, आमच्या सिस्टिममध्ये आलेच नाहीत." दोघेही खरे बोलत होते. मी परत पहिल्या मुलीकडे आलो आणि विचारले, "मग बाई, पैसे आहेत कुठे?" ती बिचारी क्षणभर थांबली आणि म्हणाली, "मध्ये."

सदतीस वर्षे मी बँकेत काढली. पैसा जमेला असतो किंवा नावे असतो, एवढे मला शिकवलेले. ज्याचा पत्ता लागत नाही त्यासाठी सस्पेन्स खाते असते, पण तेही कोणा एका अधिकाऱ्याच्या गळ्यात बांधलेले असे आणि तपासनीस आला की तो पहिली तीच वही मागे. 'मध्ये' नावाचे, कोणाच्याही गळ्यात नसलेले खाते मी पाहिले नव्हते. नव्या पद्धतीच्या त्या पहिल्या दिवसांत अशा तक्रारी देशात ठिकठिकाणी झाल्या आणि पुढे घडी बसत गेली. आमच्या रंगाऱ्यांना मी घरातली रोकड दिली, ते गावी गेले. पण तो एक शब्द काही डोक्यातून जाईना. आपल्या सगळ्यांचा पगार, पेन्शन, गॅसचे अनुदान, मुलांची फी ज्या यंत्रणेतून वाहते ती आता कशी बांधलेली आहे आणि तिच्यात हे 'मध्ये' कुठून आले, ते घरच्या माणसांना समजेल अशा भाषेत सांगावे, असे त्या दिवसापासून मनात होते.

जुना वाडा आठवा. पाहुणा आला की तो ओसरीवर बसे. त्याने काही मागितले तर निरोप माजघरात जाई. द्यायचे की नाही, किती द्यायचे, मागच्या उसनवारीचे काय झाले, हा सगळा विचार माजघरात. आणि धान्य असे त्याच्याही आत, कोठीच्या खोलीत, जिची किल्ली घरातल्या एकाच बाईच्या कमरेला. ओसरीवरचा पाहुणा थेट कोठीत शिरला असे कधी होत नसे. मोठ्या उद्योगांचे, बँकांचे, विमा कंपन्यांचे आजचे सॉफ्टवेअर नेमके असेच बांधलेले असते. पडदा, एटीएम, मोबाइलमधले ॲप ही ओसरी. व्याज कसे लावायचे, किती रकमेला वरिष्ठाची मंजुरी हवी, हे नियम माजघरात. आणि प्रत्येक खात्यातली शिल्लक, प्रत्येक नोंद ही कोठीत. तिन्ही वेगवेगळ्या यंत्रांवर, बहुधा वेगवेगळ्या गावांत, आणि त्यांच्यामध्ये निरोप नेणाऱ्या-आणणाऱ्या आज्ञावल्या.

ही कल्पना बँकांतून निघालेली नाही. १९७२ साली जर्मनीत आयबीएम सोडून पाच इंजिनिअरांनी सॅप नावाची कंपनी काढली. कारखान्याचा माल, हिशेब, पगार सगळे एका सूत्रात ओवायचे हा त्यांचा धंदा. १९९२ मध्ये त्यांनी 'आर/३' नावाची प्रणाली बाजारात आणली. त्यातला तीन हा आकडा या तीन थरांचाच. पुढे जगभरच्या कारखान्यांनी आणि मग इतर धंद्यांनी हाच नकाशा उचलला. आपल्याकडे इन्फोसिसचे फिनॅकल, टीसीएसचे बँक्स, सिटीकॉर्पच्या भारतीय उपकंपनीतून वाढलेल्या आय-फ्लेक्सचे फ्लेक्सक्यूब ही त्याच घराण्यातली आणि आज जगातल्या कितीतरी बँका त्यांच्यावर चालतात. याचा अभिमान वाटावा, यात शंका नाही.

मी १९८३ साली एका तालुक्याच्या शाखेत क्लार्क म्हणून लागलो तेव्हा यातले काही नव्हते, असे म्हणवत नाही. होते, पण माणसांच्या रूपात. खातेदार पैसे काढण्याची स्लिप देई. काउंटर क्लार्क त्याला पितळी टोकन देऊन लेजरमध्ये नोंद करी. ते जाडजूड लेजर शिपाई उचलून पासिंग ऑफिसरपुढे नेई. तो सही ताडून पाही, शिल्लक पाही आणि बऱ्याचदा मान वर करून माणसालाही पाही. मग स्लिप रोखपालाकडे, तो टोकन नंबर पुकारी. तीन माणसे, तीन वह्या. संध्याकाळी तिन्ही वह्यांची बेरीज जुळली नाही तर घरी जाणे नाही. दहा पैशांच्या फरकासाठी आम्ही रात्री नऊ-नऊपर्यंत बसलो आहोत. फरकाला नवाने भाग गेला तर कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झाली असणार, ५४ च्या जागी ४५, हे पहिल्या आठवड्यातच शिकवले जाई.

मग यंत्रे आली. डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ मध्ये आणि पुन्हा १९८९ मध्ये बँकांच्या संगणकीकरणाचा आराखडा दिला. संघटनांचा विरोध होता, मीही त्या मोर्चांत घोषणा दिल्या आहेत. शाखेत आलेल्या यंत्राचे नाव होते 'ॲडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन'. त्याला कॉम्प्युटर म्हणायचे नाही, म्हणजे भांडण नाही, असा विनोद आम्ही करत असू. १९९३ च्या करारानंतर वाट मोकळी झाली. १९९८ मध्ये केंद्रीय दक्षता आयुक्त एन. विठ्ठल यांनी सरकारी बँकांना बजावले की, १ जानेवारी २००१ पर्यंत ७० टक्के कामकाज संगणकावर आलेच पाहिजे. पण ही यंत्रे म्हणजे एकाच खोलीचे बिऱ्हाड होते. ओसरी तीच, माजघर तेच, कोठीही तीच, आणि सगळे शाखेतल्या त्या एका डब्यात. व्याजाचा दर बदलला की मुख्य कचेरीहून फ्लॉपी येई आणि ती पोहोचेपर्यंत शेजारच्या दोन शाखा दोन दरांनी व्याज लावीत.

तीन थरांचा खरा फायदा इथे दिसतो. बचत खात्याचे व्याज पूर्वी महिन्याच्या १० तारखेपासून अखेरीपर्यंतच्या किमान शिलकेवर मिळे. पगार १ तारखेला जमा झाला आणि ११ ला काढला तर ते दहा दिवस फुकट. १ एप्रिल २०१० पासून रिझर्व्ह बँकेने रोजच्या शिलकेवर व्याज द्यायला लावले. लेजरच्या काळात हा हुकूम निघाला असता तर आम्ही सामुदायिक राजीनामे दिले असते. आता माजघरातला एक नियम बदलला आणि हजारो शाखांतल्या ठेवीदारांना त्याच दिवसापासून लाभ मिळाला. ओसऱ्याही हव्या तेवढ्या वाढवता येतात, कोठीला हात न लावता. आधी एटीएम जोडले, मग इंटरनेट, मग २०१६ मध्ये यूपीआय. २०२५ मध्ये यूपीआयचे व्यवहार महिन्याला दोन हजार कोटींच्या वर गेले, तेव्हाही कोठीत नोंद तीच होती: एकाच्या नावे, दुसऱ्याच्या जमा. एक बाजू लिहिली आणि दुसरी लिहिण्याआधी वीज गेली तर पहिलीही आपोआप पुसली जाते. दोन्ही नोंदी किंवा एकही नाही. हे शास्त्र पक्के करणाऱ्यांत जिम ग्रे हा अमेरिकन संशोधक अग्रणी होता. २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या समुद्रात तो आपल्या शिडाच्या होडीसह नाहीसा झाला, तो सापडला नाही. जगातली प्रत्येक नोंद हरवू नये म्हणून आयुष्य घालवलेला माणूस, आणि त्याचीच शेवटची नोंद नाही.

मात्र एका कोठीत हे जितके चोख असते तितके दोन बँकांच्या दोन कोठ्यांमध्ये नसते. तिथे निरोप जातो, पोच येते, पोच वाटेत अडकते. आमच्या ठेकेदाराचे पैसे तिथेच होते.

आणि चोरही तिथेच थांबतात. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरचा २०१८ चा दरोडा आठवत असेल. एटीएमने विचारायचे, "यांना एवढे देऊ का?", तो प्रश्न स्विच नावाच्या दुव्याने माजघरात न्यायचा आणि उत्तर आणायचे, अशी व्यवस्था. चोरांनी त्या दुव्याच्या जागी आपला खोटा दुवा उभा केला. ११ ऑगस्टच्या शनिवारी दुपारनंतर काही तासांत २८ देशांतल्या एटीएमवर बनावट कार्डे घातली गेली. प्रत्येक प्रश्नाला वाटेतूनच "द्या" असे उत्तर मिळत गेले, खऱ्या माजघरापर्यंत प्रश्न पोहोचलाच नाही. सुमारे ७८ कोटी परदेशांत, अडीच कोटी भारतात, आणि सोमवारी स्विफ्ट संदेशांतून हाँगकाँगला जवळजवळ १४ कोटी. एकूण ९४ कोटी रुपये. खातेदारांच्या शिलकी मात्र जिथल्या तिथे, कोठीचे कुलूप शाबूत. वाड्यात चोर शिरलाच नव्हता, त्याने फक्त निरोप्याचा वेश घेतला होता. पुढे पुण्याच्या न्यायालयाने २०२३ मध्ये ११ जणांना दोषी ठरवले. ती पैसे काढणारी प्यादी होती.

त्याच वर्षी फेब्रुवारीत पंजाब नॅशनल बँकेचे प्रकरण बाहेर आले होते, तेही मुंबईच्या फोर्टातल्या ब्रॅडी हाउस शाखेतून. तिथे उलटी तऱ्हा. परदेशी बँकांना हमी कळवणारी स्विफ्ट यंत्रणा आणि बँकेचे माजघर यांच्यामध्ये दरवाजाच नव्हता. हमीपत्र पाठवले की ते मुख्य प्रणालीत हाताने नोंदवायचे, ही अपेक्षा. ज्याने पाठवायचे त्यानेच नोंदवायचे, आणि त्याने नोंदवले नाही. वर्षानुवर्षे हमीपत्रे ओसरीवरून परस्पर जात राहिली आणि माजघराला गंध नाही. सुरुवातीला जाहीर झालेला आकडा ११,४०० कोटींच्या घरात होता, तो पुढे वाढला. रिझर्व्ह बँकेने नंतर सांगितले की, ऑगस्ट २०१६ पासून आपण बँकांना या धोक्याविषयी तीनदा सावध केले होते. मग दोन्ही यंत्रणा जोडण्यासाठी ३० एप्रिल २०१८ ही मुदत घालण्यात आली. म्हणजे तो दरवाजा बसवता येत होता. हजारो कोटी गेल्यावर सुतार बोलावला.

छोट्या बँकांची गोष्ट आणखी निराळी. त्यांना स्वतःचा वाडा परवडत नाही, त्या माजघर भाड्याने घेतात. ३१ जुलै २०२४ रोजी सी-एज या कंपनीच्या यंत्रणेवर खंडणीखोर हल्ल्याचा संशय आला आणि राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने तिला बाकीच्या जाळ्यातून तात्पुरते तोडले. सुमारे तीनशे सहकारी आणि ग्रामीण बँकांचे एटीएम आणि यूपीआय एका दिवसापुरते थंडावले. तोडण्याचा निर्णय योग्यच होता. पण आपल्या बँकेचे माजघर दुसऱ्याच्या मालकीचे आहे, हे त्या बँकांच्या किती खातेदारांना ठाऊक असेल?

जुने ते सोने म्हणणारा मी नाही. लेजरच्या काळातही अफरातफर होती, खोट्या सह्या होत्या, आणि पासिंग ऑफिसर ओळखीच्या माणसाची स्लिप आधी पास करी. ड्राफ्ट काढायला अर्धा दिवस मोडे. पण दोन वह्यांच्या मध्ये एक माणूस उभा असे, आणि काही विपरीत दिसले तर तो विचारी. २०१६ मध्ये बांगला देशाच्या मध्यवर्ती बँकेतून जवळजवळ शंभर कोटी डॉलर लुटायचा घाट होता. त्यातले श्रीलंकेला निघालेले दोन कोटी डॉलर का वाचले? 'फाउंडेशन' या शब्दाचे स्पेलिंग चुकले होते आणि वाटेतल्या एका बँकेने त्यावर प्रश्न विचारला म्हणून.

आता माझी स्वतःची गोष्ट. २००७ मध्ये आमची शाखा कोअर बँकिंगवर गेली. मी तेव्हा शाखाधिकारी होतो. जुन्या खात्यांची माहिती नव्या प्रणालीत चढवायची आणि ती बरोबर चढली असे प्रमाणपत्र सही करून वर पाठवायचे. तीन आठवडे आम्ही शाखेतच जेवलो. नावे, पत्ते, शिलकी, सगळे पैशापैशाला जुळले. राहिले फक्त लाल शाईचे शेरे.

लेजरच्या पानावर, खातेदाराच्या नावाशेजारी, लाल शाईने लिहायची पद्धत होती आणि यंत्रे आल्यावरही आम्ही ती पाने जपली होती. 'सही थरथरते, चालवून घ्यावी.' 'दृष्टी अधू, रक्कम वाचून दाखवावी.' एका पानावर माझ्याच अक्षरात होते: 'शिल्लक मुलास सांगू नये. खातेदाराची तोंडी विनंती.' ती एक निवृत्त शिक्षिका. मुलगा व्यसनी. एकदा केबिनमध्ये बसून, पदराचा शेव बोटाला गुंडाळत, त्यांनी मला ते सांगितले होते. कायद्याने पाहता त्या शेऱ्याची गरजच नव्हती, खात्याची माहिती तिऱ्हाइताला द्यायचीच नसते. पण गावात आईचे पासबुक मुलानेच भरून न्यायचे, ही रीत.

नव्या प्रणालीत शेऱ्यांसाठी जागा होती ती चाळीस अक्षरांची आणि इंग्रजीत. वेळ तर नव्हताच. मुख्य कचेरीच्या माणसाने फोनवर विचारले, "रिमार्क्स घ्यायचे का?" मी म्हटले, "राहू द्या, आमची माणसे ओळखतात सगळ्यांना." चार महिन्यांत बदल्या झाल्या. नव्या मुलाने पासबुक छापून मुलाच्या हातात दिले. त्याच्यापुढच्या पडद्यावर त्याला अडवणारे काही नव्हते. मुदत ठेव मोडून आलेले दीड लाख त्यात दिसत होते. सहा आठवड्यांत आईच्या सहीने, एकेक करून, सगळे निघाले. सह्या खऱ्या होत्या. त्या कशा घेतल्या गेल्या हे बाईंनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. त्या एवढेच म्हणाल्या, "साहेब, तुम्ही लिहून घेतलं होतं ना?"

प्रणालीत काही चूक नव्हती, हे मी लेखी उत्तरात सिद्ध केले असते. आणि हीच सोय मला आज सर्वांत धोक्याची वाटते. ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसात १९९९ पासून होरायझन नावाची प्रणाली आली. तिच्यात हिशेबात तूट दिसू लागली की शाखा चालवणाऱ्यालाच चोर ठरवले जाई. संगणक नीट चालतो असे धरून चालायचे, उलट असेल तर आरोपीने दाखवून द्यायचे. गावातल्या दुकानात टपाल सांभाळणारा माणूस कोठीतल्या नोंदी दाखवणार कुठून? नऊशेहून अधिक माणसे दोषी ठरली, काही तुरुंगात गेली, काहींनी जीव दिला. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने प्रणालीतच दोष असल्याचे म्हटले आणि २०२४ मध्ये संसदेला कायदा करून शेकडो शिक्षा एकगठ्ठा रद्द कराव्या लागल्या. मधली वीस वर्षे?

आपल्याकडे एवढे झालेले नाही, पण 'सिस्टिम घेत नाही' हे वाक्य रोज ऐकू येते आणि ते शेवटचे वाक्य म्हणून ऐकवले जाते. वाचकांनी एवढे जरूर ध्यानात ठेवावे: बँकेच्या यंत्रणेत शिरलेल्या तिऱ्हाइतामुळे, आपली काही चूक नसताना, खात्यातून पैसे गेले आणि सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर तोटा खातेदाराचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे. तक्रार लेखी द्यावी, क्रमांक घ्यावा, तीस दिवसांत समाधान झाले नाही तर लोकपालाकडे जावे. मात्र त्यापलीकडे एक गोष्ट बँकांकडूनच यायला हवी. शाखेच्या फलकावर व्यवस्थापकाचे नाव असते, रोख अधिकाऱ्याचे असते. दोन यंत्रणांच्या 'मध्ये' जे अडकते त्याला उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्याचेही नाव तिथे असावे. माणसाचे नाव, टोल-फ्री क्रमांक नव्हे.

हे अशक्य नाही. एप्रिल २०१८ मध्ये ब्रिटनच्या टीएसबी बँकेने आपली ५२ लाख खातेदारांची माहिती नव्या प्रणालीत हलवली, आणि १९ लाख लोकांना आपलेच खाते उघडता येईना. बँकेला ४ कोटी ८६ लाख पौंडांचा दंड झाला. पण मला लक्षात राहिली ती एप्रिल २०२३ ची छोटी बातमी: नियामकाने बँकेच्या माहिती-तंत्र प्रमुखालाही वैयक्तिक ८१,६२० पौंड दंड केला. नवी प्रणाली पुरवणाऱ्यांची तयारी झाली आहे की नाही, याची पुरेशी खात्री त्याने करून घेतली नव्हती.

आमच्या शाखेचे प्रमाणपत्र मी २००७ च्या जूनमध्ये सही करून पाठवले. विभागात आमची शाखा पहिल्या तीनांत आली. दिवाळीत मला बढतीचे पत्र मिळाले आणि मी सातव्या दिवशी नव्या जागी रुजू झालो. बाईंना भेटून निघायचे मनात होते, ते राहिले.